चार बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक जुना स्नबर आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या कारखान्यात मी कामाला लागलो, तिथल्या शिपायापासून साहेबांच्या पाहुण्यांपर्यंत जवळजवळ कोणालाच ते ठाऊक नव्हते. मी पंख्यासारखा फिरत नाही, दिव्यासारखा उजळत नाही, घंटीसारखा वाजतही नाही. माझे बहुतेक आयुष्य एका लोखंडी कपाटात गेले आणि त्या कपाटाच्या दारावर कवटी काढून खाली 'धोका' असे लाल अक्षरांत लिहिलेले होते. अशा घरी कोण पाहुणा येणार?

तरी माझी तक्रार नाही. उलट आज मी बोलायला बसलो आहे तो आभार मानायला. माझ्या वाट्याला तीन माणसे फार चांगली आली. त्यातल्या एका माणसाने माझे नुकसान केले होते. त्याचेच आभार मी सर्वांत जास्त मानणार आहे, ते कसे ते ऐका.

आधी एक गोष्ट कबूल करतो. स्नबर म्हणजे मी एकटा नव्हे, आम्ही दोघे. मी कपॅसिटर, निळा आणि गुबगुबीत. माझा भाऊ रेझिस्टर, पांढरा, चौकोनी, खडूच्या तुकड्यासारखा. आम्हाला एकापुढे एक जोडले की स्नबर होतो. बोलायची हौस मला आहे, म्हणून मी बोलतो. भाऊ लवकर तापतो, पण तोंडातून शब्द काढत नाही.

माझा जन्म १९९७ च्या उन्हाळ्यात नाशिकच्या अंबड भागात, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला गुंडाळले ते साळूबाईने. ती पेठच्या डोंगरातली. तिथे भाताची कामे नसली की ती घरच्यांबरोबर शहरात कामाला यायची. प्लास्टिकची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ फिल्म, तिच्यावर धातूचा मुलामा, अशा दोन फिती एकमेकींवर ठेवून ती यंत्रावर गुंडाळत असे. गुंडाळताना हातातल्या बांगड्या ती कोपरापर्यंत वर सारून घेई आणि कोणाशीही बोलत नसे. एकदा शेजारच्या बाईने तिला विचारले, "एवढा कसला जीव लावतेस त्याला? चार रुपयांची तर वस्तू!"

साळूबाई हात न थांबवता म्हणाली, "सुरकुती ऱ्हायली का त्याचा जीव तिथूनच जातो. मंग चार रुपयांचा असो नायतर चारशेचा."

माझ्या अंगात एकही सुरकुती राहिली नाही. तिने माझ्या दोन्ही टोकांना तारा लावल्या, मला निळ्या डबीत बसवले, वर रेझीन ओतले आणि सुकायला ठेवले. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही. पण पुढे अकरा हंगाम मी जे फटके सोसले ते तिच्या न बोलण्याच्या जोरावर. साळूबाई, तुझे आभार.

आता माझे काम सांगतो. तुमच्या घरी नळ जोरात चालू असताना कोणी तो एकदम बंद केला, तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. धावत्या पाण्याला जागच्या जागी थांबता येत नाही, म्हणून ते पाइपला धडक देते. विजेचेही तसेच असते. तारेतून वाहणारी वीज एकदम तोडली की ती उसळी मारते. ही उसळी डोळ्याची पापणी लवायच्या आत येते आणि जाते, पण तेवढ्या वेळात तिचा जोर नेहमीच्या दुप्पटही होतो. आणि ही वीज तोडणारा कोण? तर मोड्यूल नावाची एक चपटी, काळी, महागडी वस्तू. मोड्यूल म्हणजे विजेची कळच, पण हाताने न दाबता आपोआप चालणारी. सेकंदाला दोन हजार वेळा ती वीज सोडते आणि तोडते, आणि त्यावर मोठमोठ्या मोटारींचा वेग कमीजास्त होतो. प्रत्येक वेळी वीज तुटते, प्रत्येक वेळी उसळी येते. तिला कोणी आवरले नाही तर मोड्यूल फुटते.

तिला आवरतो आम्ही. उसळी आली की मी ती झटकन पोटात घेतो आणि भाऊ तिची उष्णता करून टाकतो. मी गिळतो, तो पचवतो. मोड्यूलचे सगळे कौतुक करतात, ते फॉरेनहून येते, फोममध्ये बसून येते. आम्ही मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात इतर पन्नास जणांबरोबर येतो. असो. मी तक्रार करणार नव्हतो.

अंबडहून आम्ही सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात आलो. तिथे मोटारींचा वेग सांभाळणारी पॅनेले, म्हणजे विजेची लोखंडी कपाटे, बनत. मालक धनराज साहेब. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा आणि ठाम मतांचा. तिथला सगळ्यांत जुना वायरमन मोतीराम, मूळचा नांदगावचा. बावीस वर्षे त्याने वायरिंग केले होते आणि त्याची एक वायर कधी सैल निघाली नव्हती. ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून तो मेणाच्या दोऱ्याने वायरी बांधायला शिकला होता. त्याने बांधलेला जुडगा पाहिला की वाटे, कोणी बाईने वेणी घातली आहे. गिऱ्हाइके पॅनेलचे दार उघडून नुसती ती वेणी बघत उभी राहत.

आणि तिथे शुभांगी होती. पंचवटीत राहणारी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. डिप्लोमा असूनही धनराज साहेबांनी दीड वर्ष तिला ऑफिसात कोटेशने टाइप करायला बसवले होते. तिने सतरा वेळा मागे लागून त्या वर्षीच्या जूनमध्ये टेस्टिंगचे टेबल मिळवले. त्या टेबलावर बसणारी ती तिथली पहिली बाई. तयार पॅनेल तिने तपासायचे, आकडे लिहायचे आणि रिपोर्टवर सही करायची. ती सही करताना तिचा चेहरा बघण्यासारखा असे.

आमचे पॅनेल म्हणजे तिने संपूर्ण तपासलेले पहिले मोठे पॅनेल. वणीच्या अलीकडे द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेने ते मागवले होते. बागेतून आलेली द्राक्षे कोमट असतात. ती पेट्यांत भरून थंड खोलीत रचायची आणि मोठ्या पंख्याने त्यांच्यातून गार हवा ओढायची. पंखा आधी जोरात चालवायचा आणि मग हळू करायचा, म्हणजे देठ सुकत नाहीत. पंख्याचा हा वेग आमच्या पॅनेलने सांभाळायचा होता. त्यात तीन मोड्यूल होती आणि प्रत्येकावर एक स्नबर. मी मधल्या मोड्यूलवरचा.

शुभांगीने आम्हाला बसवायच्या चार जागा करून पाहिल्या. प्रत्येक वेळी ती सीआरओच्या, म्हणजे विजेची रेघ काढून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर उसळीची उंची बघे. शेवटी तिने आमच्या तारा कापून आखूड केल्या, वाकवल्या आणि आम्हाला मोड्यूलच्या डोक्यावरच स्क्रूने आवळले. मोड्यूलपासून आम्ही चार बोटांवर होतो. पडद्यावरची उसळी एकदम खाली बसली. तिने हसून टाळी वाजवली. मात्र आम्ही दिसत होतो अगदी गबाळे, एकमेकांवर रेललेले.

मोतीरामने दारातून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "पोरी, हे पॅनेल हाय का चिमणीचं घरटं?"

"काका, ह्यांना इथेच राहू द्या. जवळच लागतात."

"बरं बाई. तू टेस्टिंगवाली, तुझं खरं."

एवढेच बोलणे झाले. का जवळ लागतात, हे शुभांगीने सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. वायरिंगच्या नकाशात तर वायर म्हणजे नुसती एक रेघ असते, तिची लांबी कोणी लिहीत नाही. शुभांगीनेही लिहिली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात थोडा वाटा या गप्प राहण्याचा होता.

दसरा जवळ आला. तुम्हाला माहीत आहे, खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. त्याआधी सगळे झाडून-पुसून लख्ख करायचे. पूजा झाली की त्या दिवशी कुठलेही यंत्र चालवायचे नाही, कुठलेही हत्यार उचलायचे नाही. आणि धनराज साहेबांची एक रीत होती. वर्षातले सर्वांत मोठे पॅनेल दसऱ्याच्या मुहूर्तावर, झेंडूच्या माळा घालून, ट्रकवर चढवायचे. सीमोल्लंघन म्हणायचे ते त्याला. त्या वेळी नवी-जुनी गिऱ्हाइके सोने द्यायला येत आणि पॅनेलची दारे सताड उघडी ठेवलेली असत.

शुभांगी घरच्यांबरोबर सप्तशृंगीच्या गडावर गेली होती. तिचा रिपोर्ट सहीसकट तयार होता आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवला होता. अष्टमीच्या दुपारी मोतीराम फडके घेऊन आमचे पॅनेल पुसायला आला. सगळीकडे त्याच्या सुंदर वेण्या आणि मधोमध आम्ही सहा गबाळे. तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "परवा धा माणसं बघत्याल. पोरीचं पहिलं पॅनेल, कोणी हसाया नको."

मित्रांनो, त्याच्या मनात एवढेच होते. त्याने आम्हाला अलगद सोडवले आणि खाली एका पट्टीवर सहाही जणांना ओळीने, शाळेतल्या मुलांसारखे उभे केले. मोड्यूलपासून आमच्यापर्यंत दीड फुटाच्या नव्या वायरी ओढल्या, त्या जुडग्यात घातल्या आणि दर बोटाच्या अंतरावर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारली. त्याने आयुष्यात केलेले ते सर्वांत देखणे काम असावे. जोडणी अचूक होती. एकही वायर चुकीच्या जागी नव्हती. फक्त आम्ही दूर गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आमच्या प्रत्येकाच्या कपाळावर हळदकुंकवाचे बोट लागले. पूजेनंतर यंत्र चालवायचे नाही, म्हणून कोणी पॅनेल चालू करून पाहिले नाही. दसऱ्याला पाहुणे आले, वेणी बघून वा वा करून गेले आणि माळा घातलेला ट्रक वणीच्या रस्त्याला लागला. खरे सांगतो, त्या दिवशी मलाही फार मजा वाटली. पहिल्यांदाच कोणी आमच्याकडे कौतुकाने पाहिले होते.

दिवाळीआधी वणीला पंखा बसवला. शुभांगी येऊन गेली, पण तेव्हा पॅनेल भिंतीला लावून त्याला पत्र्याचे झाकण घातलेले होते. द्राक्षे नव्हती, खोली रिकामी होती. पंखा सावकाश चालवून पाहिला, छान चालला. वीज थोडी वाहते तेव्हा उसळीही लहान असते. दार उघडायचे कारणच पडले नाही.

फेब्रुवारीत द्राक्षे आली. खोली पेट्यांनी भरली आणि पंखा पूर्ण वेगाने सुरू झाला. तेव्हा मला कळले की काहीतरी फार चुकले आहे. उसळी वर मोड्यूलपाशी उठत होती आणि मी खाली, दीड फूट दूर. जी वीज एकदम थांबत नाही, तिला नव्या वायरीत एकदम शिरताही येत नाही. ती माझ्यापर्यंत येईपर्यंत वरचा फटका बसून गेलेला असे. सेकंदाला दोन हजार वेळा मी हात पुढे करत होतो आणि दोन हजार वेळा उशीर होत होता. तिसऱ्या दिवशी माझे मोड्यूल फुटले. फटाका फुटल्यासारखा आवाज आला, धूर झाला आणि पंखा थांबला.

कारखान्यातून नवे मोड्यूल आले आणि संस्थेच्या वायरमनने ते बसवले; आमची जागा बदलली आहे हे त्याला कुठून कळणार? ते दोन दिवस टिकले.

धनराज साहेबांनी रिपोर्टची ऑफिसातली प्रत काढून पाहिली. वायरिंग मोतीरामचे, म्हणजे तिथे शंकाच नको. खाली सही शुभांगीची. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावले नाही, सगळ्यांसमोरच सांगितले, "आता एकच मोड्यूल शिल्लक आहे. पुढचं यायला तीन आठवडे लागतील, तोवर द्राक्षं थांबणार नाहीत. उद्या तू साइटवर चल. हेही उडालं तर टेस्टिंगचं टेबल दुसऱ्याला देतो. तू परत ऑफिसात. मी आधीच म्हणालो होतो."

हे सगळे पुढे शुभांगीने स्वतःच सांगितले, म्हणून मला माहीत. दीड वर्ष मागे लागून मिळवलेले टेबल एका काळ्या चपट्या मोड्यूलवर टांगलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून तिघे आले. धनराज साहेब, शुभांगी आणि हत्यारांची पेटी घेऊन मोतीराम. पेट्या भरणाऱ्या बायांची मुकादम गोजराबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे सावलीला द्राक्षांचे क्रेट रचले होते.

"साहेब, दोनदा धूर काढला तुमच्या कपाटानं," ती म्हणाली. "पोरी पहाटपासून खुडतायत. माल गरम व्हाया लागला. आज चालल ना?"

"चालेल, बाई चालेल," साहेब म्हणाले आणि घाम पुसत बाहेरच्या बाकावर बसले.

शुभांगीने झाकण काढायला लावले, पॅनेलचे दार उघडले आणि ती जागीच थांबली. तिची नजर आधी मोड्यूलच्या डोक्यावर गेली. तिथे आम्ही नव्हतो. मग वेणीवरून सरकत खाली पट्टीपर्यंत आली. तिने आम्हाला पाहिले. तिचे तोंड उघडले होते. आता ही ओरडणार, असे मला वाटले. ओरडलीच पाहिजे, असेही वाटले. बाकावरून साहेब विचारत होते, "काय गं, काय दिसतंय?" एका वाक्यात तिचे टेबल वाचणार होते.

शेजारी मोतीराम पेटी उघडून बसला होता. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. तिला वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, पिळायला त्यानेच शिकवले होते, रोज स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्यापुढे सरकवणारा तोच होता. तिने उघडलेले तोंड मिटले आणि म्हणाली, "अजून काही नाही, साहेब. थोडा वेळ द्या. तुम्ही चहा घ्या."

साहेब चहाच्या टपरीकडे गेले. शुभांगीने शेवटचे मोड्यूल बसवले, सीआरओ जोडला आणि पंखा अगदी सावकाश सुरू केला.

"काका, जरा इकडे या. हे बघा."

मोतीरामने चष्मा लावला. पडद्यावर रेघ सरळ वर जात होती आणि तिच्या टोकाला एक बारीक, उंच सुळका उभा होता. शुभांगीने वेगाचा नॉब किंचित फिरवला. सुळका वाढला. तिने घाईने नॉब मागे घेतला.

"हे टोक कसलं?"

"हेच मोड्यूल फोडतं, काका."

"अन् मग ती जोडगोळी काय करती? ती त्यासाठीच असती ना?"

"ती करायला तयार आहे. पण लांब आहे. वायर लांब झाली की उसळी तिच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. चार बोटांवर असती तर हे टोक दिसलंच नसतं."

मोतीराम पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने वळून आपल्या वेणीकडे पाहिले, एकेका गाठीवरून नजर फिरवत. आमच्यापर्यंत आल्यावर त्याने चष्मा काढला.

"ह्या मी बांधल्या."

"हो, काका."

"तुला दार उघडल्या उघडल्या दिसलं."

"हो."

"मंग साहेबांना बोलली का नाय? तुझं टेबल चाललं हुतं ना?"

शुभांगीने पंखा बंद केला आणि ती स्क्रूड्रायव्हर उगीचच पुसत बसली. मग म्हणाली, "चूक माझीपण आहे. जवळ का लागतात, ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं."

मोतीरामने पेटीतून कटर काढला. मी खालून सगळे बघत होतो. त्याने पहिली गाठ कापली, दुसरी कापली, तिसरी कापली. प्रत्येक गाठीला तो क्षणभर थांबत होता. दीड फुटाची वेणी उलगडून त्याने जमिनीवर टाकली. मग आम्हा सहा जणांना त्याने एकेक करून वर नेले, तारा आखूड केल्या, वाकवल्या आणि मोड्यूलच्या डोक्यावर आवळून बसवले. पुन्हा तसेच गबाळे, एकमेकांवर रेललेले. माझा भाऊ माझ्या खांद्याला टेकला तेव्हा मला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही.

साहेब चहा घेऊन परत येत होते. मित्रांनो, आता नीट ऐका. मोतीराम गप्प बसला असता तरी चालले असते. पंखा सुरू झाला असता, दुरुस्ती झाली असे सगळे म्हणाले असते. त्याची बावीस वर्षांची कीर्ती तशीच राहिली असती आणि निरोप समारंभात साहेबांनी शाल घालताना त्याच्या वायरिंगचे गोडवे गायले असते. फक्त शुभांगीच्या सहीवर एक डाग कायमचा राहिला असता. शुभांगीनेही त्याला काही सांगा म्हटले नव्हते.

मोतीराम हात पुसत दारापर्यंत गेला. तिथे गोजराबाई होती, तिच्या बाया होत्या, टेम्पोचा ड्रायव्हर होता. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "साहेब, पोरीची चूक नव्हती. माझी हाय. तिनं बरोबर बसवलेलं मी दसऱ्याआधी हलवलं. वायरी लांब केल्या, शोभंसाठी. तिच्या पॅनेलला कोणी हसू नये, एवढंच मनात हुतं. दोन्ही मोड्यूल माझ्यामुळं गेली. आता हे तिसरं गेलं तर तेबी माझ्याच नावावर लावा."

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी शुभांगीकडे पाहिले. ती खाली बघत होती. मग ते आत आले आणि उघड्या दारापाशी वाकून आमच्याकडे बघू लागले.

"मोतीराम, बावीस वर्षांत तुझी वाकडी वायर पहिल्यांदा बघतोय."

"ही वाकडीच बरोबर हाय, साहेब."

गोजराबाईला एवढे थांबणे मानवणारे नव्हते. "ते वाकडं-सरळ मागून बघा. क्रेट आत लावू का?"

"लावा," शुभांगी म्हणाली.

खोली भरली. हवा पेट्यांतूनच जावी म्हणून वरून ताडपत्री ओढली. शुभांगीने नॉबवर हात ठेवला आणि तो हळूहळू फिरवायला सुरुवात केली. अर्धा वेग. पाऊण. पंख्याचा आवाज जमिनीतून माझ्यापर्यंत यायला लागला. मला भीती वाटत नव्हती असे म्हणालो तर खोटे होईल. जवळ असलो तरी मी पेलीन की नाही, हे कोणाला माहीत होते? मग पूर्ण वेग आला. वीज तुटली आणि उसळी उठली. या वेळी ती थेट माझ्याकडे आली. मी ती गिळली. भावाने पचवली. लगेच दुसरी आली, तिसरी आली, आणि मग मोजणेच सोडून दिले. पडद्यावरच्या रेघेच्या टोकाला नुसता एक लहानसा उंचवटा होता.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे उभे राहून नुसते ऐकत होते. एक तास गेला, दोन गेले. भाऊ चांगलाच तापला होता, पण तापणे हेच त्याचे काम. दुपारी गोजराबाईने ताडपत्रीत हात घालून एक घड बाहेर काढला, गालाला लावून पाहिला आणि शुभांगीच्या हातात ठेवला. "गार झालाय, बाई. खा."

निघण्याआधी मोतीरामने दाराच्या खिशातला रिपोर्ट काढला. वायरमन रिपोर्टवर कधी सही करत नाहीत, त्यांच्यासाठी तिथे जागाही नसते. त्याने शुभांगीचे पेन मागून घेतले आणि तिच्या सहीखाली, मोठ्या अक्षरात, सावकाश लिहिले: 'जोडगोळीच्या वायरी मी लांब केल्या होत्या. टेस्टिंग बरोबर होते. मोतीराम.' साहेबांनी ते वाचले, स्वतःची सही शेजारी केली आणि कागद परत खिशात ठेवला. टेबलाचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

पुढे अकरा हंगाम मी त्या मोड्यूलच्या डोक्यावर काढले आणि ते मोड्यूल एकदाही फुटले नाही. सगळे दिवस काही सुखाचे नव्हते. हंगाम संपला की आठ-आठ महिने कोणी दार उघडत नसे. अंगावर बोटभर धूळ बसे. एका पालीने आमच्यामागे अंडी घातली होती. उन्हाळ्यात पत्रा तापून आमचा जीव कासावीस होई. भारनियमनाच्या वर्षांत तर वीज दिवसातून चार वेळा जाई आणि चार वेळा येई, आणि प्रत्येक वेळी आमच्या छातीत धस्स होई. पण जानेवारी आला की गोजराबाई कोणाला तरी हाक मारून पॅनेलमध्ये हवा मारून घ्यायची. "त्या येड्यावाकड्यांना हात लावू नका," असे ती दरवेळी बजावायची. स्नबर हा शब्द तिला कधीच आला नाही, पण तिच्याइतकी काळजी कोणी घेतली नाही.

२००८ मध्ये संस्थेने नवे, लहानसे यंत्र घेतले आणि आमचे पॅनेल भंगारात निघाले. ते उतरवायला शुभांगी स्वतः आली. आता ती टेस्टिंग विभागाची मुख्य होती, केसांत एखादी पांढरी बट होती. तिने मला आणि भावाला हाताने सोडवले आणि रुमालात गुंडाळून सातपूरला नेले. शुभांगी, तुझेही आभार.

आता मी तिच्या टेबलावर असतो. नवे वायरमन आले की ती मला कामाला लावते. आधी लांब वायरीने जोडते आणि त्यांना पडद्यावरचा सुळका दाखवते. मग आखूड तारेने जोडते. सुळका बसतो आणि ते सगळे एकमेकांकडे बघतात. मला त्यांचे चेहरे बघायला फार आवडते.

परवा ज्ञानेश नावाचा एक वायरमन आला होता, दुसऱ्या कारखान्यात दहा वर्षे काढलेला. प्रयोग बघून झाल्यावर त्याने विचारले, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं? कॉलेजात तर नाय शिकवत."

"आमच्या इथे एक मोतीरामकाका होते," शुभांगी म्हणाली. "आता नांदगावला असतात. त्यांनी शिकवलं."

"वायर आखूड ठेवायला?"

"नाही, ते मला येत होतं." तिने मला हातात घेतले, माझ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "माझ्याकडून चुकलं, हे कोणी विचारायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगायला."

ज्ञानेशने खुर्ची ओढली आणि सकाळी स्वतः जोडलेल्या पॅनेलची एक वायर तो पुन्हा उघडून बघू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, बसमध्ये, दवाखान्यात माझ्यासारखे कितीतरी जण लपून बसलेले आहेत. ते तुम्हाला दिसणार नाहीत आणि दिसले तरी आवडणार नाहीत. त्यांना शोभेसाठी हलवू नका. हलवायचेच असेल तर आधी त्यांना बसवणाऱ्याला विचारा, आणि बसवणाऱ्याने विचारायची वाट न बघता सांगावे. आणि कधी हातून काही हललेच, तर दारापर्यंत चालत जा. ती चार पावले फार जड असतात, मी ती पडताना पाहिली आहेत. पण त्या चार पावलांमुळे एका मुलीचे टेबल तिच्याकडे राहिले, आणि मला माझी जागा परत मिळाली. मोतीरामकाका, तुमचे फार फार आभार.